पोरांच्या फीडबॅकचं नेमकं करायचं काय?

सेमिस्टरचा शेवटचा आठवडा असतो, सिलॅबस संपवायची घाई चाललेली असते आणि वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिक्षकांबद्दलच्या फीडबॅक फॉर्मची लिंक पडते. सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी, मागे लागतो, "भरा रे पटापट, स्क्रीनशॉट दाखवल्याशिवाय हॉल तिकीट मिळणार नाहीये". मग पोरं कॅन्टीनमध्ये बसून, एकमेकांच्या मोबाईलमध्ये बघत, पाच विषयांच्या पाच शिक्षकांना सरळ रेषेत चार-चार-चार-चार देऊन मोकळी होतात. त्या चारांचा एव्हरेज निघतो, रंगीत पाय चार्ट होतो, त्याखाली "बहुतांश विद्यार्थी समाधानी आहेत" असं एक वाक्य येतं आणि फाईल कपाटात जाते. मी एफवाय बीकॉमला बिझनेस मॅथ्स आणि स्टॅटिस्टिक्स शिकवते, त्यामुळे हे पाय चार्ट काढायचं काम बरीच वर्षं माझ्याकडेच होतं, आणि खरं सांगते, त्यातला एकही चार्ट बघून कुणी आपलं शिकवणं बदललंय असं मी पाहिलं नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण त्याच फॉर्मच्या अगदी खालच्या मोकळ्या चौकटीत पोरांनी कामाचं बरंच काही लिहिलेलं असतं आणि ते कुणी वाचत नाही.

आधी हा फॉर्म येतो कुठून ते बघू. नॅक ही कॉलेजं आणि विद्यापीठांचा दर्जा तपासणारी संस्था, १९९४ साली सुरू झाली, ऑफिस बंगळुरूला. २०१७ मध्ये त्यांनी मूल्यांकनाची पद्धत बदलली तेव्हा विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आलं, ज्याला स्टाफरूममध्ये सगळे एसएसएस म्हणतात. त्यात २१ प्रश्न. २० प्रश्नांना पर्याय, ० ते ४ मार्कांचे, आणि एकविसावा मोकळा, शिकणं-शिकवणं सुधारायला तीन सूचना द्या असा. पहिलाच प्रश्न आहे की वर्गात सिलॅबस किती शिकवून झाला, ८५ ते १०० टक्के असेल तर ४, आणि ३० टक्क्यांच्या खाली असेल तर ०. पुढे शिक्षक तयारी करून येतात का, समजावून सांगता येतं का, इंटर्नलचे मार्क नीट देतात का, असाइनमेंटमध्ये तुम्ही कसं केलंत यावर तुमच्याशी बोलतात का, असे प्रश्न. प्रश्न वाईट नाहीयेत. पण नीट वाचलं तर लक्षात येतं की त्यात सगळीकडे "शिक्षक" आहेत, अमुक एक शिक्षक नाही. कॉलेजची एकूण तब्येत कशी आहे हे त्यातून कळेल, पण मी सोमवारी पहिल्या लेक्चरला काय वेगळं करू हे त्यातून कळणार नाही, आणि ते त्याचं कामही नाही. म्हणून बरीच कॉलेजं आपापला शिक्षकनिहाय वेगळा फॉर्मही काढतात, आणि खरा घोळ तिथे होतो.

घोळ काय ते सांगायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करून घेऊ. पोरगं म्हणजे पेशंट समजा. पोट कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय, जेवल्यावर दुखतं की उपाशीपोटी, हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, डॉक्टरलाही नसतं. पण ती ॲसिडिटी आहे का अपेंडिक्स हे त्याने सांगायचं नसतं. तसंच मॅडम वेळेवर येतात का, आवाज शेवटच्या बेंचपर्यंत पोचतो का, फळ्यावरचं अक्षर लागतं का, टेस्टचे पेपर तपासून परत मिळतात का, शंका विचारली तर चिडतात का, हे पोरांना पक्कं माहीत असतं आणि याबाबतीत त्यांचं म्हणणं बिनधास्त खरं मानावं. पण कित्येक फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न असतो, "शिक्षकाचं विषयज्ञान कसं आहे?" अहो, जो मुलगा तो विषय आयुष्यात पहिल्यांदा ऐकतोय तो हे कसं सांगणार? तो आत्मविश्वासाला मार्क देतो, आवाजाला देतो, इंग्रजीला देतो, आणि आपण ते ज्ञानाचे मार्क म्हणून फाईलला लावतो.

माझाच अनुभव सांगते. मला सलग दोन वर्षं "मॅडम खूप फास्ट शिकवतात" असा शेरा आला, एकदोघांकडून नाही, बऱ्याच जणांकडून. मी पहिल्या वर्षी बोलण्याचा स्पीड कमी केला, प्रत्येक वाक्य दोनदा म्हणायला लागले, सिलॅबस मागे पडला, शेवटी एक्स्ट्रा लेक्चर घ्यावी लागली, आणि पुढच्या बॅचचा शेरा काय, तर "मॅडम खूप फास्ट". तेव्हा मात्र मी वर्गातच विचारलं, बाबांनो फास्ट म्हणजे नेमकं काय फास्ट होतं? कुणी बोलेना. मग मागची एक मुलगी म्हणाली, मॅडम तुम्ही फळा लवकर पुसता. बस, एवढंच होतं. रिग्रेशनचं गणित लांबलचक, टेबलच्या पाच-पाच कॉलमचं, मी बेरजा करून पुढच्या स्टेपला जागा हवी म्हणून डावीकडचं पुसायचे आणि पोरांचं टेबल वहीत अर्धंच उतरलेलं असायचं, मग ऐकणार कधी आणि समजून घेणार कधी. त्यानंतर मी फळ्याचे तीन भाग करायला लागले, टेबलचा भाग गणित संपेपर्यंत पुसायचाच नाही. बोलायचा स्पीड होता तोच ठेवला. शेरा बंद झाला. म्हणजे दुखणं खरं होतं, पोरांनी त्याला दिलेलं नाव वेगळं होतं, आणि मी नावावर औषध देत बसले होते.

आता आकड्यांकडे येऊ. समजा दोन शिक्षक आहेत, दोघांच्याही वर्गात २०-२० जणांनी फॉर्म भरला, पाचपैकी मार्क द्यायचे होते, आणि दोघांचाही एव्हरेज ३ आला. रिपोर्टमध्ये दोघं सारखेच. पण पहिल्यांच्या वर्गात वीसच्या वीस जणांनी ३ दिलेत, आणि दुसऱ्यांच्या वर्गात दहा जणांनी ५ आणि दहा जणांनी १. बेरीज दोन्हीकडे ६०, भागिले २०, उत्तर ३. पहिल्या वर्गात सगळ्यांना ठीकठाक वाटतंय. दुसऱ्या वर्गात मात्र दोन वेगळे वर्ग एकाच खोलीत बसलेत! आपल्याकडे एफवायला हे हमखास असतं, अर्धी पोरं बारावी इंग्रजी माध्यमातून केलेली आणि अर्धी मराठी माध्यमातून आलेली, ज्यांना प्रमाण विचलन माहितीय पण त्यालाच स्टँडर्ड डेव्हिएशन म्हटलं की काहीतरी नवीनच आलं असं वाटतं. एव्हरेजमध्ये हे दिसत नाही. म्हणून एव्हरेजच्या आधी नुसतं मोजा, ५ किती जणांनी दिले, ४ किती, ३ किती, आणि त्याच्या पट्ट्या काढा. एकच टेकडी दिसते का दोन, हे बघायला स्टॅटिस्टिक्सची डिग्री लागत नाही.

दुसरी गोष्ट, ४.१ आणि ४.३ मधला फरक. मीटिंगमध्ये यावरून माणसं रडताना मी पाहिलीयेत, खरंच. १५ जणांनी फॉर्म भरलेला असेल आणि त्यातल्या एकाने २ च्या ऐवजी ५ दिले तर बेरीज ३ ने वाढते, आणि ३ भागिले १५ म्हणजे ०.२. एक पोरगं. त्या दिवशी त्याची बस चुकली का नाही यावर तुमचा ४.१ होणार का ४.३ हे ठरणार असेल, तर त्यावरून कुणाला शाबासकी आणि कुणाला मेमो द्यायचा हा शुद्ध अन्याय आहे.

आणि भरलाच नाही त्यांचं काय? ६० चा वर्ग, १८ जणांनी भरला, एव्हरेज ४. छान. पण उरलेल्या ४२ जणांनी भरला असता आणि ३ दिले असते तर पूर्ण वर्गाचा एव्हरेज ३.३ आला असता. ते ४२ जण कोण असतात तर जे लेक्चरलाच येत नाहीत, पार्टटाइम काम करतात, एसटीने लांबून येतात, किंवा ज्यांना वाटतं लिहून काय होणारे. म्हणजे ज्यांचं ऐकायची सगळ्यात जास्त गरज आहे तेच गायब. (सक्तीने भरून घेतलं तर सरळ रेषेतले चार-चार मिळतात, ते वर सांगितलंच.)

आता जरा बाहेरचं बघू, कारण यावर जगात पुष्कळ काम झालंय आणि ते आपल्या स्टाफरूमपर्यंत येतच नाही. अमेरिकेत हे रेटिंग प्रकरण १९२० च्या दशकापासून आहे, म्हणजे शंभर वर्षं झाली. बराच काळ असं समजलं जायचं की ज्या शिक्षकाला जास्त मार्क त्याची पोरं जास्त शिकतात. २०१७ मध्ये बॉब उट्ल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावरचे जुने अभ्यास एकत्र करून पुन्हा तपासले, असे अभ्यास ज्यात एकच कोर्स वेगवेगळ्या तुकड्यांना वेगवेगळे शिक्षक शिकवतात आणि परीक्षा सगळ्यांना सारखी असते, आणि त्यांना रेटिंग आणि शिकणं यांच्यात जवळजवळ काहीच संबंध सापडला नाही.

त्याहून मला हलवून गेलेला अभ्यास अमेरिकेच्या एअर फोर्स अकॅडमीतला आहे, कॅरेल आणि वेस्ट या दोघांचा, २०१० चा. तिथे पोरांना शिक्षक निवडता येत नाही, कुणाच्या वर्गात कोण हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, पेपरही सगळ्यांना एकच. त्यामुळे तुलना स्वच्छ होते. दिसलं काय, तर कमी अनुभवाच्या शिक्षकांच्या वर्गात पोरांना त्या कोर्समध्ये मार्क चांगले पडले आणि त्या शिक्षकांना रेटिंगही चांगलं मिळालं, पण तीच पोरं पुढच्या, त्याच पायावर उभ्या असलेल्या कोर्समध्ये मागे पडली. अनुभवी शिक्षकांचं उलटं, तेव्हा रेटिंग कमी, पण पोरं पुढे जाऊन टिकली. आयएमपी प्रश्न देऊन पास करून देणारे सर पोरांना का आवडतात आणि एसवायला त्याच पोरांची केटी का लागते, हे ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना यात नवल वाटणार नाही.

तिसरा अभ्यास हार्वर्डचा, २०१९ चा, फिजिक्सचा. पोरांचे दोन गट केले, एकाला छान तयार केलेलं लेक्चर, दुसऱ्याला तोच भाग पण गटात बसून स्वतः सोडवत, अडखळत. टेस्टमध्ये दुसरा गट पुढे गेला, पण "किती शिकलात असं वाटतं" विचारलं तर पहिला गट म्हणाला आम्ही जास्त शिकलो. सोपं आहे याचं कारण. छान लेक्चर ऐकताना सगळं कळतंय असं वाटत राहतं, आणि स्वतः सोडवताना आपल्याला काय येत नाही ते टोचत राहतं. मग जो शिक्षक पोरांकडून काम करून घेतो त्याचं रेटिंग खाली जाणार हे उघड आहे, आणि म्हणून पहिल्याच आठवड्यात पोरांना हे सांगून ठेवायला हवं की बाबांनो, जड वाटेल, पण जड वाटतंय याचाच अर्थ डोकं चालतंय.

बाकी पूर्वग्रहांबद्दल थोडक्यात. २०१५ मध्ये छापून आलेला एक छोटा प्रयोग आहे, ऑनलाइन कोर्समध्ये एक पुरुष आणि एक बाई शिकवत होते, काही गटांना त्यांची नावं अदलाबदल करून सांगितली. पुरुषाचं नाव होतं तिथे मार्क जास्त, शिकवणारी खरी बाई असली तरी. पेपर परत द्यायची वेळ सगळ्यांना एकच ठेवली होती, पण तत्परतेचे मार्कसुद्धा बाईच्या नावाला कमी! आपल्याकडे मोकळ्या चौकटीत मॅडमांच्या साडीबद्दल, आवाजाबद्दल काय काय लिहिलेलं असतं ते मी पाय चार्ट करताना वाचलंय, सरांच्या शर्टाबद्दल कधी एक ओळ वाचली नाही. आणि २०१८ मध्ये जर्मनीत मेडिकलच्या पोरांच्या काही गटांना चॉकलेट कुकीज दिल्या तर त्या गटांनी शिक्षकांना आणि कोर्सलाही जास्त मार्क दिले. बिस्किटांमुळे!

मग हे सगळं बंद करायचं का? अजिबात नाही. २०१८ मध्ये कॅनडात टोरांटोच्या रायरसन विद्यापीठात (आता त्याचं नाव बदललंय) हा वाद लवादापुढे गेला तेव्हा लवादाने सांगितलं की प्रमोशन आणि नोकरी कायम करताना शिकवण्याचा दर्जा मोजायला हे रेटिंग वापरू नका, पण पोरांचा अनुभव काय होता हे कळायला त्याचा उपयोग आहे. मला हा निकाल फार समंजस वाटतो. पेशंटला दुखतंय कुठे ते विचारायचं सोडून चालेल का?

फक्त विचारायची वेळ बदला. शेवटच्या आठवड्यात विचारलं तर सुधारणा होईल ती पुढच्या बॅचसाठी, या पोरांना त्याचा काय फायदा, आणि फायदा नाही हे त्यांना कळतं म्हणूनच ती मन लावून भरत नाहीत. चौथ्या-पाचव्या आठवड्यात विचारा. तोवर पोरांना तुमची पद्धत कळलेली असते आणि तुमच्या हातात निम्म्याहून जास्त सेमिस्टर असतं. पीटर कोहेन यांनी १९८० मध्येच दाखवलं होतं की सेमिस्टरच्या मध्ये फीडबॅक घेतला तर शिकवण्यात फरक पडतो, पण नुसते आकडे शिक्षकाच्या हातात दिले तर थोडा, आणि कुणीतरी सोबत बसून त्यावर बोललं तर बराच जास्त. हे सोबत बसून बोलणं फार महत्त्वाचं आहे, कारण एकट्याने वाचलं की आपण एकतर दुखावतो नाहीतर "पोरांना अक्कल नाही" म्हणून सोडून देतो.

याची एक पद्धत वॉशिंग्टन विद्यापीठात जोसेफ क्लार्क यांनी १९७० च्या दशकात बसवली, तिला पैसे लागत नाहीत, सॉफ्टवेअर लागत नाही. शिक्षक वर्गाबाहेर जातो, दुसऱ्या डिपार्टमेंटचा एखादा विश्वासातला सहकारी वर्गात येतो. पोरं चार-पाच जणांच्या गटात बसतात आणि बोलतात, कशामुळे शिकायला मदत होते, कुठे अडतं, आणि काय बदललं तर बरं होईल. मग प्रत्येक गट आपले मुद्दे सांगतो, ते फळ्यावर जातात, किती जणांना पटतंय ते हात वर करून मोजतात. अर्ध्या तासात काम होतं. सहकारी ते कागदावर उतरवून नंतर शिक्षकाशी चहावर बोलतो, कोण काय म्हणालं हे न सांगता. आपल्याकडे हे फॉर्मपेक्षा चांगलं चालतं असं मला वाटतं, कारण गुगल फॉर्मला ईमेल टाकावा लागला की पोरांना इंटर्नलच्या मार्कांची भीती वाटते, आणि ती भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. शिवाय गटात बोलताना टोकाचं काही कुणी बोललं तर बाकीची पोरंच म्हणतात, "नाही रे, तसं काही नाहीये".

लिहून घेतलेल्या शेऱ्यांचं काय करायचं हेही सांगते. माझी पद्धत अगदी वाण्याच्या हिशोबासारखी आहे. एका शेऱ्यात दोन मुद्दे असतील तर तोडून दोन ओळी करायच्या. प्रत्येक ओळीसमोर एक शब्द लिहायचा, भाषा, फळा, उदाहरणं, नोट्स, परीक्षा, वर्गातली शांतता, जे असेल ते. मग शब्दांवर सॉर्ट करायचं आणि मोजायचं. नंतर तीन ढीग, माझ्या हातात असलेलं, कॉलेजच्या हातात असलेलं जसं की पंखा बंद आहे किंवा सकाळी सातचं लेक्चर आहे, आणि कुणाच्याच हातात नसलेलं, म्हणजे सिलॅबस विद्यापीठाचा आहे वगैरे. हल्ली हे काम कॉम्प्युटरकडून करून घ्यायची टूम आलीय, चांगला-वाईट असं तो आपोआप ठरवतो म्हणे, पण आपली पोरं मराठी लिहितात इंग्रजी अक्षरांत, मध्येच हिंदी घुसवतात, आणि "मॅडम छान शिकवतात पण डोक्यावरून जातं" या वाक्याला मशीनने छान समजलं तर काय घ्या. साठ शेरे वाचायला एक तास लागतो. वाचावेत. आणि कुणाला दाखवायच्या आधी त्यातली नावं आणि खाजगी टोमणे काढून टाकावेत.

फीडबॅकला दुसऱ्या कशाचा तरी टेकू द्या हेही महत्त्वाचं. वर्ग म्हणतो युनिट तीन छान समजलं, आणि पेपर तपासताना दिसतं की तिसरा प्रश्न बहुतेकांनी ऑप्शनला टाकलाय, तर मी पेपरवर विश्वास ठेवीन. प्रश्नवार मार्क, हजेरी, कोणत्या युनिटला शंका जास्त येतात, हे सगळं आपल्याकडे आधीपासूनच असतं, फक्त फीडबॅकच्या शेजारी ठेवून कुणी बघत नाही.

आणि सगळ्यात जास्त सुटणारी गोष्ट म्हणजे पोरांना परत जाऊन सांगणं. पुढच्याच लेक्चरला पहिली पाच मिनिटं, तुम्ही हे हे म्हणालात, यातलं हे मी आजपासून बदलतेय, हे बदलणार नाही आणि का ते सांगते, आणि हे माझ्या हातात नाही, ऑफिसला पत्र दिलंय. "नाही" म्हणायला घाबरायचं नाही. दर वर्षी "फक्त आयएमपी प्रश्न द्या" येतं आणि दर वर्षी मी कारण सांगून नाही म्हणते, त्यावर पोरं रागावत नाहीत. राग येतो तो गप्प बसण्याचा. नॅकसाठी ॲक्शन टेकन रिपोर्ट, म्हणजे फीडबॅकवर काय केलं त्याचा अहवाल, आपण बनवतो, तो मागच्या वर्षीचा तारीख बदलून पुढे ढकललेला मी डोळ्यांनी पाहिलाय, पण समजा तो खरा असला तरी ज्या पोरांनी फीडबॅक दिला त्यांना तो कधी दाखवतो का? मग तिसऱ्या सेमिस्टरला ती फॉर्म भरत नाहीत आणि आपण म्हणतो पोरांना गांभीर्य नाही.

प्रिन्सिपॉल आणि आयक्यूएसीवाल्यांना, म्हणजे कॉलेजमधल्या गुणवत्ता कक्षाच्या मंडळींना, एवढीच विनंती आहे की शिक्षकांची क्रमवारी लावून नोटीस बोर्डवर टांगू नका. ज्या दिवशी आकडा माणसाच्या पोटावर येतो त्या दिवसापासून शिक्षक पोरांना नाराज करायचं सोडतो, म्हणजे सोपे पेपर, सढळ इंटर्नल, आणि पोरं शिकतायत का याचा विचार मागे. बघायचंच असेल तर एकाच शिक्षकाचा एकच कोर्स तीन-चार सेमिस्टर ओळीने बघा, काही सारखं सारखं दिसतंय का ते, आणि दिसलं तर बंद दाराआड त्याच्याशी बोला.

एवढं सगळं जमत नसेल तर सगळ्यात छोटी गोष्ट करा. हार्वर्डचे स्टॅटिस्टिक्सचे प्रोफेसर फ्रेडरिक मोस्टेलर यांनी १९८९ मध्ये यावर लिहिलं होतं, ते लेक्चरच्या शेवटी पोरांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यायचे की आजच्या भागात सगळ्यात गढूळ राहिलेला मुद्दा कुठला. मी ते उचललं. आठवड्यातून एकदा, शेवटची तीन मिनिटं, पाठकोऱ्या कागदाचे तुकडे, नाव लिहायचं नाही, मराठीत लिहा नाहीतर इंग्रजीत.

मागच्या टर्मला मीडियन, म्हणजे ओळीने लावल्यावर बरोबर मध्ये येणारी किंमत, शिकवून झाला त्या दिवशी मला वाटलं होतं की आजचं लेक्चर मस्त झालं. चिठ्ठ्या उघडल्या तर एकीवर लिहिलेलं, "एन बाय टू ४० आला पण क्युम्युलेटिव्ह फ्रिक्वेन्सीच्या कॉलममध्ये ४० नसेल तर कुठला क्लास घ्यायचा". (एन बाय टू म्हणजे एकूण संख्येचा निम्मा, क्युम्युलेटिव्ह फ्रिक्वेन्सी म्हणजे वरून खाली करत आणलेली चढती बेरीज, आणि क्लास म्हणजे टेबलमधला आकड्यांचा गट.) मग बघते तर तीच शंका वेगवेगळ्या शब्दांत आणखी नऊ-दहा चिठ्ठ्यांवर. वही काढून पाहिलं, मी फळ्यावर सोडवलेल्या दोन्ही उदाहरणांत तो आकडा कॉलममध्ये नेमका जसाच्या तसा येत होता, त्यामुळे पोरांनी तो शोधायचाच असतो असं धरलं होतं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम असं टेबल लिहिलं ज्यात ३४ नंतर एकदम ५१ येतं, विचारलं की चाळिसावा माणूस कुठल्या क्लासमध्ये बसलाय, तर आधी शांतता, मग दोघी-तिघी एकदम म्हणाल्या ५१ वाल्या. सगळ्यांनी वहीत गोल केला, आणि मग आम्ही पुढच्या भागाला, मोडला (सगळ्यात जास्त वेळा येणारी किंमत), सुरुवात केली.